«मामा, आज नको» : अंबडच्या एका कारखान्यातल्या रंगपंचमीचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातलं आहे. मी तिथे एचआर अधिकारी होते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि कोणालाही नाव दिलेलं नाही. घटनेचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र झाले तसेच ठेवले आहेत, माझे चुकलेले निर्णय धरून.

पार्श्वभूमी

कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. माणसं साधारण दीडशे: कायम कामगार, कंत्राटी हेल्पर आणि दरवर्षी बदलणारे ट्रेनी. नाशिकमध्ये रंग धुळवडीला खेळत नाहीत, रंगपंचमीला खेळतात. आमच्याकडे त्या दिवशी सुट्टी नसते. पहिल्या शिफ्टच्या शेवटच्या अर्ध्या तासात मशीन बंद करायची, पार्किंगच्या शेडमध्ये रंग खेळायचा, जिलबी खायची आणि घरी जायचं, अशी बरीच वर्षं चालत आलेली रीत. लेखी नियम एकच होता: रंग कोरडा, आणि तो शॉपमध्ये न्यायचा नाही. मशीनच्या पॅनेलपाशी पाणी नको म्हणून. म्हणजे नियम मशीनसाठी होता, माणसांसाठी काहीच नव्हता.

ही रीत मामांनी सुरू केली. मामा म्हणजे मशीन शॉपचे सुपरवायझर, पन्नाशी ओलांडलेले. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. बाहेरगावच्या ट्रेनी पोरांना खोली शोधून देणं, कोणाच्या घरी अडचण आली तर पहिला फोन करणं, ही कामं त्यांनी न सांगता अंगावर घेतलेली. ते जुन्या नाशकात वाढले आणि जुन्या नाशकात रंगपंचमी म्हणजे रहाड.

ज्यांनी रहाड पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पेशवेकाळापासूनचे हे दगडी हौद वर्षभर जमिनीखाली झाकलेले असतात. वरून गाड्या जातात, खाली हौद आहे हे नव्या माणसाला कळतही नाही. रंगपंचमीला रहाड उघडतात, पूजा करतात, रंगाचं पाणी भरतात. मग माणसं तिच्यात धप्पा मारतात, म्हणजे काठावरून अंग असं झोकून देतात की पाणी उसळून भोवतीची सगळी गर्दी भिजते. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या रहाडींना त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नसते. काठावर रेंगाळणाऱ्याला मागून ढकलतात, चौघं मिळून उचलून टाकतात. तो गटांगळी खाऊन वर येतो आणि हसतो. वडिलांच्या खांद्यावर बसून मारलेली पहिली उडी मामांनी मला किमान चार वेळा सांगितली आहे.

दुसरा माणूस सीएनसी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन सांभाळणारा. तिशीतला, अबोल, निफाड तालुक्यातल्या गावाहून रोज दुचाकीने येणारा. रंगपंचमीच्या सहा आठवडे आधी त्याची आई गेली. तेरा दिवस तो रजेवर होता. दशक्रिया विधी रामकुंडावर झाला, तिथे डोक्यावरचे केस उतरवले. कामावर परतल्यापासून तो कंपनीची निळी टोपी डोक्यावरून काढत नव्हता. लाइनवरच्या दोघा-तिघांना कारण माहीत होतं. मामा स्वतः त्या काळात गुडघ्याच्या दुखण्यामुळे महिनाभर घरी होते. पोराची आई आजारी होती, एवढंच त्यांच्या कानावर होतं.

त्या अर्ध्या तासात काय झालं

अडीच वाजता मशीन बंद झाली. मामा ताट घेऊन फिरू लागले. शेडच्या खांबाजवळ आमची ट्रेनी मुलगी उभी होती. ती म्हणाली, «मामा, मला रंगाची अ‍ॅलर्जी आहे.» मामांनी विचारलं, «टिळा चालेल का?» ती «चालेल» म्हणाली. त्यांनी बोटाने टिळा लावला, जिलबीचा तुकडा हातावर ठेवला आणि पुढे गेले. हा प्रसंग त्या दिवशी कोणाच्याच लक्षात राहिला नाही. मला तो आठवडाभराने आठवला, आणि पूर्ण प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो.

ऑपरेटर टूल रूमच्या दाराशी हात धूत होता. तीन मुलांनी त्याला ओढत शेडमध्ये आणलं. तो म्हणाला, «मामा, आज नको.» पुन्हा एकदा तेच म्हणाला. सहा जणांच्या लेखी खुलाशांत हे शब्द आहेत, म्हणून खात्रीने लिहिते. मामा म्हणाले, «आज नको तर काय दिवाळीला लावू?» सगळे हसले. मागून कोणीतरी टोपी उडवली. मामांनी ओंजळभर गुलाबी रंग त्याच्या डोक्यावर ओतला आणि दोन्ही हातांनी चोळला.

केस जेमतेम अर्धं पेर वाढले होते. मामा मला नंतर म्हणाले, «मॅडम, डोळ्यांना नाही कळलं, हातांना कळलं. खुंट हाताला लागले आणि माझे हात जागीच थांबले.» पण तोपर्यंत ऑपरेटरने त्यांना दोन्ही हातांनी ढकललं होतं. मामा मालाच्या ट्रॉलीवर आदळले. कोपराला तीन टाके पडले.

मी टूल रूममध्ये गेले तेव्हा तो कॉटन वेस्टने, म्हणजे मशीन पुसायच्या सुताच्या गुंत्याने, डोकं पुसत होता. हाताशी आलं ते वेस्ट त्याने घेतलं होतं, आधीच तेलाने माखलेलं. रंग निघत नव्हता, तेलाबरोबर कानांमागे आणि मानेवर पसरत होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, «मॅडम, घरी वडील आहेत. हे डोकं घेऊन घरी कसा जाऊ?»

वॉचमनच्या नळावर साबणाने तीनदा डोकं धुतलं. गुलाबी झाक गेली नाही. टोपी घालून तो घरी गेला.

प्रश्न नेमका कोणता होता

कागदावर प्रश्न सरळ होता. स्थायी आदेशांनुसार, म्हणजे कारखान्याला लागू असलेल्या शिस्तीच्या लेखी नियमांनुसार, कामाच्या जागी दंगेखोर किंवा बेशिस्त वर्तन हे गैरवर्तन ठरतं. वरिष्ठाला ढकलून जखमी करणं त्यात बसतंच. रंग लावणं कशातच बसत नव्हतं, कारण रंग कंपनीच्या संमतीने, कंपनीच्या पैशाने आणला होता. म्हणजे कागद उघडला की दोषी एकच, आणि तो म्हणजे ज्याची आई गेली तो.

प्लँट हेड साहेबांचं म्हणणं मी टाकाऊ समजत नाही. ते म्हणाले, «सुपरवायझरवर हात टाकलेला माणूस दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही असा मशीनवर उभा राहिला, तर उद्या शॉपमध्ये कोणाचं कोण ऐकेल?» दीडशे माणसांचा कारखाना चालवणाऱ्याला ही भीती असणारच.

कामगार प्रतिनिधींचं मत वेगळं होतं. सणाच्या दिवशी मस्करीत झालं, दोघंही आपलेच, विषय संपवा.

मला खटकत होतं ते तिसरंच, आणि ते नीट मांडायला मला वेळ लागला. ट्रेनी मुलीने एकदा सांगितलं आणि मामा थांबले. या माणसाने दोनदा सांगितलं आणि मामा थांबले नाहीत. एकाच माणसाचं, एकाच जागी, दहा मिनिटांच्या अंतरातलं हे वागणं. मामांच्या स्वभावात खोट आहे असं म्हणावं, तर मुलीपाशी ते इतके समजूतदार कसे?

उत्तर आमच्या नोटीस बोर्डावर होतं. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा आल्यापासून दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते. आमच्याकडे ती आहे, दरवर्षी प्रशिक्षण होतं, पोस्टर लावलेलं आहे. त्या कायद्याचा गाभाच «नकोसं» या शब्दात आहे: स्पर्श असो, बोलणं असो, समोरच्या स्त्रीला तो नको असेल तर हेतू काय होता हे विचारून सुटका नाही. मामा त्या प्रशिक्षणाला दरवर्षी पहिल्या रांगेत बसायचे आणि जे शिकले ते पाळायचे. पण प्रशिक्षण मी घेत होते, आणि «नको» हा शब्द मी फक्त स्त्रियांच्या तोंडी ठेवून शिकवला होता. पुरुषाने नको म्हटलं की तो लाजतोय, भाव खातोय, त्याला ओढून आणा, हे आमच्याकडे आपसूक चालत होतं. कायदा स्त्रियांसाठी आहे आणि तो तसा असायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण माझं शिकवणं कायद्यापाशीच का थांबलं, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक गोष्ट जागेची. हाच माणूस, हेच उतरवलेलं डोकं रामकुंडावर असतं तर कोणी त्याला हात लावला नसता. तिथे काही सांगावं लागत नाही, पाहणारा आपोआप आवाज खाली करतो. शनी चौकातली रहाड आणि रामकुंड दोन्ही पंचवटीतच, चालत जाण्याच्या अंतरावर. एका ठिकाणी माणसाला उचलून पाण्यात टाकणं प्रेमाचं, दुसऱ्या ठिकाणी मोठ्याने हसणंही वाईट. दोन्ही जागा आपापलं स्वतः सांगतात. कारखान्याची शेड काहीच सांगत नाही. तिथे दुःखावर निळी टोपी होती आणि टोपी सगळ्यांच्याच डोक्यावर असते.

समोर असलेले पर्याय

पहिला, ऑपरेटरला कारणे दाखवा नोटीस, चौकशी होईपर्यंत निलंबन. निलंबनात पहिले ९० दिवस निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळायचा. आईच्या आजारपणाने आधीच कर्जात गेलेल्या घरात निम्मा पगार म्हणजे काय, हे मला त्याच्या ॲडव्हान्सच्या अर्जांवरून दिसत होतं.

दुसरा, दोघांवर सारखी कारवाई. वरवर न्याय्य दिसणारा. पण दोघांचं वागणं सारखं होतं का? एकाने नकार ऐकूनही हात घातला, दुसऱ्याने अंगावरचे हात दूर केले.

तिसरा, काहीच न करणं.

चौथा पर्याय होता तक्रार निवारण समितीचा. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी ती असावी लागायची. आमची होती, फायलीत. ऑपरेटरला मी विचारलं, तिथे अर्ज करतोस का? तो म्हणाला, «काय लिहू? रंग लावला म्हणून?» हसण्यावारी नेलं जाईल अशी तक्रार माणूस लिहीत नाही, हे मला तेव्हा कळलं. हा पर्याय तिथेच मिटला.

पहिला निर्णय, जो चुकला

साहेबांना मी पटवलं की नोटीस लगेच नको, आधी समेट करू. इथपर्यंत ठीक होतं. पुढचं मी घाईने केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, शिफ्ट सुरू होण्याआधीच्या मीटिंगमध्ये, साठ माणसांसमोर मी दोघांना पुढे बोलावलं. मामा म्हणाले, «माझं चुकलं. याची आई गेली हे मला माहीत नव्हतं. मला माफ कर.» त्यांचा आवाज भरून आला होता. ऑपरेटर म्हणाला, «माझंही चुकलं.» दोघांनी हात मिळवले आणि मागून टाळ्या वाजल्या.

त्या टाळ्या ऐकून मला बरं वाटलं होतं, हे मी लपवणार नाही. प्रकरण मार्गी लागलं असं समजून मी केबिनमध्ये गेले.

दुपारी तो कँटीनला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डबा मशीनपाशी खायचा. चौथ्या दिवशी त्याने रात्रपाळीसाठी अर्ज दिला, कायमची. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, «आता येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, आई कशाने गेली. मला इथे ते बोलायचं नव्हतं, म्हणून तर टोपी होती.»

मामांनी जे न विचारता केलं, तेच मी केलं होतं. त्याला ओढून सगळ्यांसमोर आणलं, टोपी काढली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अधिकारी आणि कामाची वेळ, त्यामुळे त्याला मला «नको» म्हणायचीही सोय नव्हती. मामांना निदान त्याने ढकललं तरी.

दुसरा प्रयत्न

यातला मोठा वाटा माझा नाही. आठवडाभराने मामा स्वतःच केबिनमध्ये आले. कोपराला पट्टी तशीच होती. म्हणाले, «रहाडीवर नको म्हणणाऱ्यालाही टाकतो आम्ही, मॅडम. पण तो स्वतःच्या पायांनी काठावर आलेला असतो. ज्याला नको असतं तो त्या गल्लीतच येत नाही. हा तर टूल रूममध्ये होता.» थोडं थांबून म्हणाले, «मी त्याच्या दारावर गेलोच नाही. महिनाभर घरी होतो, कोणी सांगितलं नाही. पण परत आल्यावर तरी विचारायला हवं होतं. आता जाऊ का?»

मयताच्या घरी भेटायला जाण्याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात. माझ्यापुढे इथे खरा निर्णय होता. कंपनीची गाडी द्यायची का? मी बरोबर जायचं का? पहिल्यांदा वाटलं, जावं. मग वाटलं, एचआर गेली की ती भेट राहणार नाही, कंपनीचं काम होईल. मी एवढंच केलं की ऑपरेटरला आधी विचारलं, एकटं असताना, आणि उत्तराची घाई केली नाही. दोन दिवसांनी तो म्हणाला, «वडिलांना भेटायला येऊ दे. रंगाचं बोलायचं नाही.»

रविवारी मामा आणि त्यांच्या बायको त्याच्या गावी गेले. काय झालं ते मला दोघांकडून कळलं आणि दोघांनी सारखंच सांगितलं. वडिलांनी बायकोचं आजारपण पहिल्यापासून सांगितलं, दवाखाने, खर्च, शेवटची रात्र. मामा तासभर ऐकत बसले. रंगाचा विषय निघाला नाही. निघताना मामा नुसते उठले, पायात चप्पल घातली आणि चालू लागले. दारावर गेलेला माणूस निघताना «येतो» म्हणत नाही, घरचेही «या» म्हणत नाहीत. एरवी न सांगता उठणारा माणूस उद्धट ठरेल, इथे सांगणारा ठरतो. हे मामांना शिकवावं लागलं नाही.

परिणाम

साहेबांना कागद हवा होता. चर्चेअंती दोघांना समजपत्र दिलं. शिक्षा नाही, पण फायलीत राहणारं. मामांच्या पत्रात «सहकाऱ्याने स्पष्ट नकार दिल्यानंतरही» असे शब्द घालावेत म्हणून मी भांडले, आणि ते घातले गेले. तीस वर्षांच्या नोकरीतलं ते त्यांचं पहिलं पत्र. त्यांनी निमूट सही केली.

ऑपरेटरने दोन महिने रात्रपाळी केली, मग दिवसपाळीत आला. मामांशी त्याचं बोलणं कामापुरतं आहे, पण सरळ आहे. कँटीनला येतो. पूर्वीइतकी मैत्री नाही, आणि ती व्हावीच असा माझा आग्रहही नाही.

रंगपंचमी बदलली. पुढच्या वर्षी मशीन बंद झाल्यावर ज्याला घरी जायचं त्याने मुख्य गेटने निघायचं, अर्ध्या तासाचा पगार कापला जाणार नाही. ज्याला खेळायचं त्याने शेडमध्ये यायचं. शेडच्या तोंडाशी, शॉपमध्ये येण्या-जाण्याच्या वाटेवर असतो तसा पिवळा पट्टा मामांनी स्वतः मारून घेतला. पट्ट्याच्या आत रंग, बाहेर कोणालाही रंग नाही. कारण कोणाला विचारायचं नाही. चाळीसेक माणसं थेट घरी गेली. इतक्या जणांना खेळायचंच नव्हतं, हे आम्हाला इतकी वर्षं माहीत नव्हतं. काही जुने कामगार म्हणाले की पूर्वीची मजा गेली. थोडी गेली, हे खरं आहे. पट्ट्याच्या आत मात्र जो धुमाकूळ झाला तो आधीच्या कोणत्याही वर्षापेक्षा कमी नव्हता. ट्रेनी मुलगी आता नोकरीत कायम झाली आहे. ती पट्ट्याबाहेर उभी राहून जिलबी वाटत होती.

प्रशिक्षणही बदललं. कायद्याचा भाग तसाच आहे, तो पातळ केलेला नाही. पण त्याआधी तासभर वेगळं बोलतो: पाठीवर थाप, टोपणनाव, जातीवरून किंवा गावावरून केलेली चेष्टा, कोणाचा डबा न विचारता उघडणं. समोरचा पुरुष असला तरी त्याचं «नको» पहिल्यांदाच ऐकायचं.

वेगळं काय करता आलं असतं

सकाळच्या मीटिंगमधली माफी टाळता आली असती, ते वर लिहिलंच आहे. घटनेनंतरच्या एका तासात ऑपरेटरला काय हवं आहे हे मी विचारलंच नाही. त्याने मला स्वतःहून सांगितलं होतं, घरी कसा जाऊ. मी साबण दिला. तेव्हा एखाद्या मित्राला बरोबर पाठवता आलं असतं, वडिलांना फोन करता आला असता.

ज्या तीन मुलांनी त्याला ओढून आणलं आणि ज्याने टोपी उडवली, त्यांच्याशी मी एका शब्दानेही बोलले नाही. सगळं लक्ष मामांवर गेलं, कारण ते मोठे होते आणि रक्त त्यांचं आलं होतं. त्या मुलांपैकी निदान एकाला ऑपरेटरची आई गेल्याचं माहीत होतं. हे धागेदोरे मी सोडले आणि ते आता परत हाती येणार नाहीत.

आणि सर्वांत आधीची गोष्ट. तेरा दिवसांच्या रजेचा त्याचा अर्ज माझ्याकडे आला होता. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, «आईचे निधन». मी सही करून तो फायलीत लावला. कारखान्यात हे सर्वांत आधी आणि लेखी ज्याला कळलं, ती व्यक्ती मीच होते. सात आठवड्यांनी मामा «कोणी सांगितलं नाही» म्हणाले, तेव्हा ते सांगणं माझ्या टेबलावर पडून होतं.

आता असा अर्ज आला की मी फोन करते, आणि परतल्यावर कोणाला सांगू, कोणाला नको, हे विचारून घेते. यंदा असे तीन अर्ज आले. दोघं म्हणाले, सुपरवायझरला सांगा. तिसरी आमची पॅकिंगमधली बाई. ती म्हणाली, «मॅडम, कोणालाच नका सांगू. आठ तास तरी मला तिथे कोणी विचारायला नको.» तिच्या लाइनवर ही गोष्ट अजून कोणाला माहीत नाही.